उजव्या हाताचा दावा

ज्यांच्या घरी अपघात झाला आहे आणि वकील करावा की नको यावर घरात रोज एकदा तरी वाजतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. सावंगीला मेडिकलच्या मुलामुलींची मेस चालवत होते, अपघातापर्यंत. हिशोब चोख ठेवायची सवय आहे, म्हणून घडलं ते वाढवून सांगणार नाही आणि कमीही करणार नाही. कमी करून सांगितल्यामुळेच आमचा दावा बुडायची वेळ आली होती. डाव्या हाताने मोबाईलवर लिहिलं आहे, चुका असतील तर सांभाळून घ्या.

गाडी

किराणा घेऊन पायी परत येत होते, रस्त्याच्या अगदी कडेने. मागून कार आली. मला धडक आठवत नाही, रस्त्यावर सांडलेली तुरीची डाळ आठवते. ती गोळा करायला उजवा हात पुढे केला आणि हात गेलाच नाही.

गाडीवाला पळाला नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्यानेच मला गाडीत घालून हॉस्पिटलला आणलं आणि माझा नवरा येईपर्यंत बाकावर बसून राहिला. पुढे दाव्यात त्याचं नाव टाकावं लागलं तेव्हा मला फार अवघड वाटलं. तुम्हालाही वाटेल. आमच्या वकील बाई म्हणाल्या, "ताई, त्यांनी विमा उतरवलाय तो याचसाठी. तुम्ही त्यांच्याशी भांडत नाही आहात." हे ऐकल्यावर मी जरा सैल झाले.

"दाबता येणार नाही"

ऑपरेशन झालं, कोपरात आणि मनगटात पट्ट्या बसल्या. हाडं जुळतील म्हणून सगळे खुशीत होते. माझे मिस्टर एसटीच्या वर्धा आगारात मेकॅनिक आहेत. त्यांना एक्स-रे फार आवडला. उजेडासमोर धरून म्हणाले, "पाह्य, किती बरोबर बसोले स्क्रू! आपल्या डेपोत असं काम होत नाई."

खरं कळलं ते पुढे, नसेची तपासणी झाली त्या दिवशी. डॉक्टर तरुण होते, खुर्ची ओढून समोर बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की बातमी चांगली नसते, हे मला तेव्हा कळलं. म्हणाले, एक नस चेंगरली आहे, बोटांमधली ताकद थोडी येईल, सगळी नाही.

मी विचारलं, "लाटणं धरता येईल ना?"

त्यांनी माझा हात हातात घेतला, अंगठा दाबून पाहिला. मग म्हणाले, "काकू, धरता येईल. दाबता येणार नाही."

माझ्याकडे चाळीस मुलं जेवायची. चार पोळ्यांच्या हिशोबाने एका वेळच्या एकशे साठ. मदतीला बाई होती, पण ती भाजी चिरायची आणि भांडी घासायची. पोळ्या माझ्या हातच्या असायच्या, मुलं त्यासाठीच यायची. डॉक्टर पुढे बरंच बोलले. मला ते एकशे साठ गोळे ओट्यावर तसेच पडलेले दिसत होते.

वॉर्ड

वॉर्डात दिवस पहाटे चादर बदलण्याने सुरू व्हायचा. मग ताप, रक्तदाब, गोळ्या, डॉक्टरांचा घोळका, पुन्हा गोळ्या. माझ्या मेसमध्ये जेवून गेलेली दोनतीन मुलं त्या घोळक्यात असायची. ती मागे रेंगाळून "काकू, जेवण कसं आहे इथलं?" असं हळूच विचारायची. मी म्हणायची, "भाजीत मीठ कमी आहे, पण तुम्ही अभ्यास करा."

भीती दुपारी वाटायची. भेटायला येणारे निघून गेले की हाताकडे पाहत बसायची. बोटं माझी होती, नखं माझी होती, पण हलवायला गेलं की दुसऱ्याच कुणाला तरी सांगितल्यासारखं वाटायचं.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. एका हाताच्या माणसाला स्वतःचे केस विंचरता येत नाहीत. माझे केस कमरेपर्यंत आहेत. आठवड्याभरात उशीवर घासून त्यांचा गठ्ठा झाला. सिस्टर बिचारी चांगल्या मनाने म्हणाली, "काकू, थोडे कापून टाकू का? सोपं पडेल तुम्हाला."

मी हो म्हणणार होते. पलंगाच्या पायथ्याशी उभे असलेले हे म्हणाले, "थांबा सिस्टर. मी पाह्यतो."

बॅगेतून फणी काढली. मला वाटलं आता मुळापासून ओढतील आणि मी किंचाळेन. पण त्यांनी टोकापासून सुरुवात केली, बोटभर सोडवायचे, मग थोडं वर सरकायचे. मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" तर म्हणाले, "वायरिंग गुतलं की असंच काढा लागते. मधातून वढलं की तुटते." पूर्ण दुपार गेली. मग तीन पेड घेऊन वेणी घातली आणि शेंड्याला रबर लावून विचारलं, "टाईट झाली का? ढिली करू?"

टाईट झाली होती. कपाळाची कातडी ओढली जात होती. मी म्हटलं, "बरोबर आहे."

कोरा कागद

वॉर्डातच एक माणूस आला. पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल. आम्ही बोलावलं नव्हतं. म्हणाला, "मामी, क्लेम आम्ही करून देतो. तुम्हाला काही करायचं नाही. मिळाले तर वाटा द्या, नाही मिळाले तर काही नको. इथे सही करा."

कागद कोरा होता. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "मजकूर मागून टाईप होते ना मामी. सही जमत नसेल तर अंगठा द्या."

"उजवा प्लास्टरात आहे."

"डावा द्या."

"डावा एकच उरला आहे, तो कोऱ्या कागदावर नाही देणार," मी म्हटलं. शेजारच्या पलंगावरची आजी एवढी हसली की तिच्या टाक्यांना ओढ बसली.

तुमच्याकडेही असा माणूस येईल. त्याला हाकलून द्या असं मी म्हणत नाही, पण कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि फार थांबूही नका. दाव्याला मुदत असते. ती किती, हे जाऊन विचारा.

मांडवकर मॅडम

घरी आल्यावर काही आठवड्यांनी आम्ही वर्ध्याला वकील पाहायला गेलो. आगारातल्या एका ड्रायव्हरने मांडवकर मॅडमचं नाव सांगितलं होतं. जिना चढून एक लहान खोली, दोन खुर्च्या, टेबलावर फायली. बाई माझ्याच वयाच्या, केस आखूड.

मी तीन गोष्टी विचारायचं ठरवून गेले होते. फी कशी घेणार, कोर्टात स्वतः उभ्या राहणार की दुसऱ्याला पाठवणार, आणि फोन उचलणार का. त्या म्हणाल्या, टक्केवारीवर काम घेत नाही, वकिलाला ते चालत नाही. फी ठरवून सांगते, तुकड्यातुकड्याने द्या, पावती मिळेल. उभी मीच राहीन. फोन संध्याकाळी उचलते, दिवसा नाही. तिन्ही उत्तरं सरळ होती. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी मान हलवली.

मग त्यांनी मला विचारलं. "अपघाताआधीचा एक दिवस सांगा. पहाटे उठल्यापासून."

हे मला आवडलं. कणीक किती, डाळ किती, किती वाजता पहिला तवा, सगळं सांगितलं. त्या लिहीत होत्या.

"आता?"

"आता मेस बंद आहे. घरचं होऊन जातं."

"म्हणजे कोण करतं?"

"होतं कसंतरी," मी म्हटलं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. त्या पुढच्या प्रश्नाकडे गेल्या.

आपल्या भाषेत ही मोठी सोय आहे. स्वयंपाक होतो, धुणं होतं, घर आवरलं जातं. कोण करतं ते सांगावं लागत नाही. एवढी वर्षं ते मी करत होते आणि कुणी माझं नाव घेतलं नव्हतं. आता हे करत होते, आणि स्वतःचं नाव येऊ देत नव्हते.

शोभाबाई

ते का, हे सांगायला माझ्या नणंदेबद्दल लिहावं लागेल. शोभाबाई केळझरला असतात, ह्यांची धाकटी बहीण. मी घरी आल्यावर त्या लगेच मदतीला आल्या आणि त्यांनी माझं सगळं केलं. मला न्हाऊ घातलं, पाय चेपून दिले, माझ्यासाठी गणपतीला नवस बोलल्या. त्यांच्या विरुद्ध एक शब्दही मला लिहायचा नाही.

पण त्या आल्या त्या दिवशी दारातूनच त्यांना दिसलं की त्यांचा भाऊ ओट्याशी उभा आहे, कोपरापर्यंत पीठ लागलेलं. पिशवी हातातच राहिली.

"काऊन रे दादा, तू पोया लाटून राह्यला? मी मेली का?"

"तू आली नव्हती ना आतालोक."

"अरे, पन लोकं पाह्यतीन तं का म्हनतीन? खाकी कपडे घालनारा मानूस अन् हातात लाटनं! वहिनी, तुम्ही कशा हो पाहून राह्यल्या?"

हसून म्हणाल्या, मीही हसले. हे हसले नाहीत. हात धुतले आणि बाहेर गेले. शोभाबाई होत्या तोवर ते ओट्याकडे फिरकले नाहीत. त्यांची सोयाबीनची कामं निघाली तशी त्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी नवीन पद्धत सुरू झाली. हे ड्युटीवर जायच्या आधी सगळं करायचे, पण पुढचं दार लावून. धुणं मागच्या दारी वाळायचं. माझी वेणी आतल्या खोलीत. कुणी आलंच तर मी पुढे, हे आत. आम्ही यावर एकदाही बोललो नाही. ठरूनच गेलं.

ट्रे

दावा दाखल झाला. काही दिवसांनी विमा कंपनीतर्फे चौकशीला एक गृहस्थ घरी आले. मऊ बोलणारे, वयाने लहान, चपला बाहेर काढून आत आले. "काकू, दोन मिनिटं घेतो फक्त."

घरी आलेल्या माणसाला चहा विचारायचा नाही, हे मला जमणारं नाही. हे आत गेले, चहा टाकला. आलं किसल्याचा आवाज येत होता. मग आतल्या दारातून त्यांनी मला खूण केली. पाहुण्यासमोर पुरुषाने चहा आणायचा आणि बाईने बसून राहायचं, हे त्यांना नको होतं. खरं सांगते, मलाही नको होतं. मी उठले, डाव्या हाताने ट्रे धरला, उजवा हात खालून फळीसारखा लावला आणि बाहेर आले. कप हलत होते, पण सांडलं नाही. मला आतून शाबासकी दिल्यासारखं झालं.

"फाईलला एक फोटो लागतो काकू," असं म्हणून त्यांनी ट्रेसकट फोटो काढला. चहा घेतला, चांगला झाला म्हणाले. निघताना चपला घालता घालता विचारलं, "बाकी, आता कसं आहे काकू?"

"बरं आहे जी," मी म्हटलं.

यात माझं काय चुकलं, हे मला पुढे चार महिने कळलं नाही.

मांडवकर मॅडमनी बोलावून कंपनीचं उत्तर वाचून दाखवलं. अर्जदार महिला घरात सहज वावरताना आढळली. तिने स्वतः चहा करून दिला. प्रकृतीबाबत विचारले असता बरं आहे असे सांगितले. सोबत फोटो. फोटोत माझे दोन्ही हात ट्रेला होते आणि मी हसत होते.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चहा कोणी केला होता?"

पंखा फिरत होता. हे पंख्याकडे पाहत होते.

"ह्यांनी," मी म्हटलं.

"आणि स्वयंपाक? धुणं?"

"तेही."

"मग हे सांगावं लागेल. तुम्हाला, आणि साहेब, तुम्हालाही. नाहीतर या फोटोला आपल्याकडे उत्तर नाही."

हे पहिल्यांदाच बोलले. "मॅडम, ते सोडून दुसरं काई लिहा ना. बाई लावली असं लिहून द्या."

"बाई लावली आहे?"

"नाई."

"मग नाही लिहिणार."

"पेपरात येते का हो हे? डेपोतले लोकं वाचतीन. मले तोंड दाखवा लागते तिथं."

मॅडम म्हणाल्या की पेपरात येत नाही, पण कोर्ट उघडं असतं, कुणीही येऊन बसू शकतं. हे उठले आणि खाली जाऊन मोटरसायकलजवळ उभे राहिले.

मी मॅडमना सांगितलं की ह्यांना नको असेल तर मी जोर करणार नाही. दावा गेला तर गेला. त्या म्हणाल्या, "तुमची साक्ष तुम्ही द्यालच. त्यांचं त्यांना ठरवू द्या." त्यांच्या जागी दुसरा वकील असता तर त्याने ह्यांना दम दिला असता, किंवा कामवाली बाई लावली असं खुशाल लिहून टाकलं असतं. वकील निवडताना मी तीन प्रश्न विचारले होते, पण माणूस कळला तो इथे.

घरी हे दोन दिवस बोलले नाहीत. वेणी दोन्ही दिवस घातली.

तिसऱ्या दिवशी शेंड्याला रबर लावताना मागूनच म्हणाले, "मी येईन कोर्टात. पन जेवढं इचारतीन तेवढंच सांगीन. उगा पुरान लावनार नाई."

साक्ष

तारखा पडत राहिल्या, ते सगळं लिहीत नाही. डॉक्टर येऊन गेले. माझी साक्ष झाली. कंपनीचे वकील पिकल्या केसांचे, शांत गृहस्थ होते, आवाज कधी चढवला नाही.

"चौकशीला आलेल्या माणसाला तुम्ही बरं आहे असं सांगितलं, खरं ना?"

"खरं."

"ट्रे तुम्हीच आणला?"

"खरं."

"म्हणजे तुम्ही बऱ्या आहात."

"घरी आलेल्या माणसाने दारात विचारल्यावर दुसरं काय म्हणतात साहेब? तुमच्या घरी काय म्हणतात?"

जज साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, रागावून नव्हे. कंपनीचे वकीलही किंचित हसले. पण मग म्हणाले की चहा नवऱ्याने केला हे मी आता, फोटो समोर आल्यावर, रचून सांगते आहे. मी नाही म्हटलं. मला खाली बसायला सांगितलं. मी खाली आले तेव्हा मला एवढंच कळत होतं की आता सगळं ह्यांच्या बोलण्यावर आहे, आणि हे तर बोलणारे नाहीत.

हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली, लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरला. मागच्या बाकांवर दुसऱ्या केसवाले पुष्कळ लोक बसले होते. त्यात खाकीतले दोघं होते, आगारातले, त्यांच्या दुसऱ्याच कामाला आलेले. ह्यांनी त्यांना पाहिलं. मी ह्यांना त्यांना पाहताना पाहिलं.

"त्या दिवशी चहा तुम्ही केला असं म्हणता?"

"हो जी."

"तुमच्या घरी चहा तुम्ही करता?"

"हो जी."

जेवढं विचारलं तेवढंच. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते.

"अपघाताआधी कधी केला होता?"

"नाई."

"आयुष्यात कधी नाही, आणि आता अचानक यायला लागला?"

"अचानक नाई आला. पयले आठ दिवस पिवळा पिवळा झाला. हिनं तसाच पेला."

मागे कुणीतरी हसलं. वकिलांनी हातातले कागद खाली ठेवले. मला वाटतं, त्यांना खात्री होती की अजून एक प्रश्न विचारला की हा माणूस घसरेल. म्हणाले, "अच्छा. मग चहाशिवाय आणखी काय काय करता तुम्ही घरात? सांगा ना कोर्टाला."

ह्यांनी खाकीतल्या दोघांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"पोया करतो. भाजी ही सांगते तशी करतो. भांडे घासतो. धुनं धुतो. हिच्या लुगड्याच्या निऱ्या धरून देतो. येनी घालतो."

टाईप करणाऱ्या बाई थांबल्या. "काय घालतो?"

"वेणी," जज साहेब म्हणाले.

"वेणी?" वकील म्हणाले. "रोज?"

"रोज. न्हाली त्या दिवशी दोनदा."

"दोनदा कशाला?"

हे जरा वैतागले, डेपोत कुणी साधी गोष्ट विचारली की वैतागतात तसे. "ओले केस टाईट बांधले तं आतून वाळत नाईत, डोकं दुखते तिचं. मंग ओले असले की सैल घालतो. वाळले की सोडून पुन्ना घट्ट घालतो. पयले टाईटच घालत होतो. ही सांगे नाई. कपाळाकडे पाह्यलं तवा मले समजलं."

हे मला माहीत नव्हतं. वेणी हळूहळू सैल होत गेली, ते मला वाटलं हात बसला म्हणून. त्यांनी माझं कपाळ पाहिलं होतं.

कोर्टात कुणी हसलं नाही. खाकीतला एक जण मान खाली घालून बसला होता. जज साहेबांनी सावकाश सांगितलं आणि बाईंनी टाईप केलं, की साक्षीदार पत्नीची वेणी रोज घालतो, आणि केस ओले असल्यास सैल घालतो. कंपनीचे वकील माझ्या डोक्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "आणखी काही विचारायचं नाही."

बाहेर पायऱ्यांवर खाकीतल्या दोघांची गाठ पडली. एकाने ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "कनकीत तेल पयले टाकता का मागून?" त्याच्या बायकोला तेव्हा दिवस गेले होते आणि तिला उठायची मनाई होती. दोघं पंधरा मिनिटं त्यावर बोलत राहिले. मी मांडवकर मॅडमबरोबर उन्हात उभी होते. त्या डोळे पुसत होत्या आणि धूळ फार आहे म्हणत होत्या.

निकाल

निकाल लागला. मागितलं त्याहून कमी मिळालं, पण का कमी ते निकालात लिहिलं होतं आणि मी ते दोनदा वाचलं. मला पटलं. आकडा सांगत नाही, कारण तुमचा वेगळा असेल आणि तुम्ही उगाच तुलना कराल. मेस पुन्हा सुरू झाली आहे, मुलं कमी घेतली, पोळ्यांना दोन बाया ठेवल्या. मी हात न लावता नुसतं सांगते. ते शिकायला हाताच्या व्यायामापेक्षा जास्त वेळ लागला. बोटं दुखतात, थंडीत जास्त. पेन अजून धरवत नाही.

निकालानंतर आम्ही केळझरला गेलो. गणपतीचं दर्शन घेतलं आणि शोभाबाईंकडे जेवायला थांबलो. त्यांचे मिस्टर, दोन्ही मुलं, सून, शेजारची दोनतीन माणसं, घर भरलेलं होतं. शोभाबाई ओट्याशी. तिथूनच त्यांनी आवाज दिला.

"काऊन रे दादा, कोर्टात का सांगतलं म्हने तू?"

सगळे ह्यांच्याकडे पाहायला लागले. मी मध्ये पडून काहीतरी बोलणार होते. हे उठले. शर्टाच्या बाह्या वर करत सगळ्यांच्या मधून ओट्यापाशी गेले.

"सरक," बहिणीला म्हणाले.

शोभाबाई लाटणं हातात घेऊन उभ्या राहिल्या. ह्यांनी परातीतला एक गोळा उचलला, अंगठ्याने दाबून पाहिला.

"कनीक घट्ट भिजोली वं तू. पानी आन थोडं."

शोभाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग लाटणं त्यांच्या हातात दिलं आणि पाणी आणायला गेल्या.